आईला न वाचता येणारी अक्षरं

आबा, आज तुमचा लॅपटॉप भंगारात द्यायला काढला आणि पुन्हा कपाटात ठेवला. बॅटरी मेलेला, प्लग लावला तरच चालणारा, मामाच्या ऑफिसनं टाकून दिलेला. सांगलीला झालेल्या गळ्याच्या ऑपरेशनमध्ये तुमचा आवाज गेला, उजवा हातही कामातून गेला. पेन धरवेना. वाईला परत आल्यावर डाव्या हाताच्या बोटानं बटणं तरी दाबाल म्हणून मी तो मागून आणला.

मेमरी जेमतेम चार एमबी. मासिकाबरोबरच्या सीडीवरून साताऱ्याच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये मी लिनक्सचे, म्हणजे मशीन चालवणाऱ्या फुकटातल्या प्रणालीचे, दोन प्रकार फ्लॉप्यांवर उतरवून आणले. एकात खिडक्या, चित्रं, शिवाय मराठी अक्षरं. दुसऱ्यात नुसता काळा पडदा आणि इंग्रजी अक्षरं. आईसाठी मी पहिला घातला. तुम्ही बटण दाबता, मशीन घरघरतं, अक्षर मात्र त्याच्या मर्जीनं उमटतं. आई चष्मा लावून समोर बसलेली. "आवं, काय म्हणताय?" एक शब्द पुरा होईतो चुलीवरचं दूध उतू जायचं. एके दिवशी तुम्ही प्लगच उपटलात. मला असा राग आला होता तुमचा! मग मुकाट्यानं दुसरा घातला.

फौजेत तुम्ही रोमन लिपीत हिंदी शिकला होतात, त्याच अक्षरांत आता मराठी टाइप करू लागलात. पाठीवरचा पिठ्ठू भरताना आधी काय टाकायचं ते ठरवावं, ही तुमची जुनी शिकवण. 'खेळ काढ. आवाजाचं काढ, मला तरी कुठं हाय? चढाला लागत न्हाई ते समदं काढ.' मी काढत गेले आणि मशीन पळायला लागलं. 'लय झ्याक,' तुम्ही लिहिलंत. ऑपरेशननंतर तुम्हाला हसताना मी तेव्हाच पाहिलं. मी विचारलं, "आणि आई?" ती पोथी घडाघडा वाचते, पण इंग्रजी अक्षर एक ओळखत नाही. तुम्ही बोट उचललंत. 'तू हाईस की वाचायला.'

त्या दिवशी मी नव्हते. तुमचे रिपोर्ट आणायला सांगलीला गेले होते. परत आले तर अंगणात माणसं जमलेली. आई लॅपटॉपजवळ बसून होती. "दुपारी काय तरी लिवलं त्यांनी. सारखं बोट दावत हुते. पाणी दिलं, गोळी दिली, उशी सरकवली, नुसतं न्हाई न्हाई करत हुते. मग मान टाकली. तू येऊन वाचशील म्हणून मी हात न्हाई लावला गं. पर लाईट गेली."

तेरावं झाल्यावर तिनं मला मशीनपुढं बसवलं. मी लावलं, शोधलं. काहीच नव्हतं. लिहिलेलं जपून ठेवायचं बटण तुम्ही कधीच दाबायचा नाहीत. बोललेलं कुणी जपून ठेवतं का, असं लिहायचात. आई माझ्या तोंडाकडे बघत होती. मी म्हटलं, "सापडलं. लिहिलंय, जेवलीस का."

"येवढंच व्हय?" म्हणाली, आणि पदर तोंडाशी नेऊन खूप रडली. तेव्हापासून एक वाजला की ती पान वाढून घेते. भूक असो नसो, जेवते. आता तर नजरही गेली तिची, पण ताट पुढं आलं की म्हणते, "तुझ्या आबांनी इचारलं हुतं."

आबा, खरंच काय लिहिलं होतं तुम्ही?