बाबांच्या फवाऱ्यातले गुलाबी ठिपके

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (इस्त्रीच्या टेबलावर कागद ठेवून उभ्यानेच लिहितो आहे, तेव्हा साष्टांग मनातल्या मनात घातला असं समज.) भावोजींचा गुडघा काय म्हणतो? तुझं पित्त? परसातल्या पेरूला यंदा फळ धरलं का? हे सहज विचारलं, त्यातून लगेच काही अर्थ काढू नकोस. आम्ही सगळे मजेत आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. खरं सांगायचं तर, बाबांना कायमचं घेऊन जायला रविवारी येते आहेस असा तुझा निरोप आल्यापासून मी हे पत्र मनात जुळवतो आहे. तू इथे येऊन शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून भलतंसलतं ऐकण्यापेक्षा सगळं माझ्याकडूनच ऐकलेलं बरं.

बाबा कपड्यावर पाणी कसं मारतात ते तुला ठाऊक आहे. तोंडात घोट भरायचा, ओठ आवळायचे आणि फुर्रकन असं उडवायचं की कापडावर नुसतं दव पडावं. (तू पाठवलेली फवाऱ्याची बाटली त्यांनी एकदा उलटसुलट करून पाहिली आणि फळीवर ठेवून दिली. गिऱ्हाइकं त्यांना फवारा मास्तर म्हणतात, त्या पदवीला बाटलीने बट्टा लागतो म्हणे.) तर मध्यंतरी आपल्या लाँड्रीत इस्त्री झालेल्या पांढऱ्या कपड्यांवर बारीक गुलाबी ठिपके दिसायला लागले. मी आधी बायकोवर घसरलो, की टबात लाल मोजा गेला असणार. ती माझ्याशी बोलेना आणि चहात साखर पडेना. मग मी साबणवाल्याशी भांडलो, टब घासघासून झिजवला. ठिपके आपले येतच होते. शेवटी कोपऱ्यावरचे दातांचे डॉक्टर स्वतःचा पांढरा कोट हातावर घेऊन दुकानात आले आणि कपड्यांवर मारता ते पाणी येतं तरी कुठून, असं त्यांनी विचारलं. बाबांना वाटलं, आपल्या कलेची चौकशी चालली आहे. त्यांनी मोठ्या उत्साहाने घोट भरला आणि प्रात्यक्षिक दिलं. डॉक्टरांनी आपल्या ओल्या बाहीकडे पाहिलं, मग बाबांकडे पाहिलं आणि एवढंच म्हणाले, "आ करा."

हिरड्या सुजलेल्या, बोट लावलं की रक्त. पुढचे दात हलायला लागलेले. मनगटावरचा इस्त्रीचा चटकासुद्धा भरत नव्हता, आणि तो बाबांनी बाहीखाली दडवला होता. डॉक्टरांनी विचारलं, खाता काय? ताई, मला मान वर करवेना. आई गेल्यापासून बाबा चहा-टोस्ट आणि मऊ भात यांच्यावरच आहेत. बाकीचं सगळं ताटाच्या कडेला सारतात, आणि आम्ही म्हातारपण म्हणून सोडून देतो. रक्त तपासलं तर सी जीवनसत्त्वाचा पार खडखडाट. डॉक्टर म्हणाले, भारीतलं काही आणू नका. पेरू, संत्रं, लिंबू, टोमॅटो, कोबी, ढोबळी मिरची, यातलं रोज काही ना काही पोटात जाऊ दे. महिनाभराने बघू, नाहीतर पुढचे दात काढावे लागतील.  घरी येताना वाटेत बाबा म्हणाले, "पुढचे दात गेले की पाणी उडणार नाही, नुसतं गळेल. मग मी टेबलाशी उभा राहून करू काय?" 

पण मी कंबर कसली, आणि इथेच घात झाला. आपलं अख्खं आयुष्य कपडे उकळायच्या कढईशेजारी गेलेलं, उकळल्याशिवाय काही चांगलं होतं यावर आपल्या खानदानाचा विश्वास नाही. त्यात बाबांचे दात हलणारे. म्हणून मी कोबी चादरीसारखा उकळला, ढोबळी मिरची लगदा होईपर्यंत शिजवली, लिंबाचं पाणी खळखळवून पाजलं, आणि (सांगायला लाज वाटते) पेरूसुद्धा उकळले. वरचं पाणी मळकं दिसलं म्हणून इमानेइतबारे मोरीत ओतलं. बाबा डोळे मिटून गिळत होते. ठिपके तसेच. डॉक्टरांनी सगळं ऐकून कपाळावर हात मारला. हे जीवनसत्त्व आचेला टिकत नाही आणि पाण्यात उतरतं, म्हणजे मी महिनाभर मोरीच्या हिरड्या मजबूत करत होतो. तेव्हापासून बायको मला उकळ्या म्हणते. डॉक्टरांनी आणखी एक महिना दिला, पण आता शेवटचा.

मग सगळं कच्चं. पेरूच्या बिया काढून पातळ फोडी, कोबी अगदी बारीक चिरून, टोमॅटो पान वाढल्यावर कापायचा, लिंबू भात खाली उतरवल्यावर पिळायचं. बाबा म्हणाले, हे शेळीचं खाणं आहे, आणि दोन्ही वेळा ताट चाटूनपुसून रिकामं करायला लागले. मी खूश. मग एका वकिलाच्या कोटाच्या खिशात संत्र्याच्या फोडी सापडल्या, एका बाईंच्या जाकिटात पेरू. मी बाबांसमोर बसलो आणि मला रडूच फुटलं. म्हटलं, तुम्ही खाल्लं नाहीत तर ताई तुम्हाला नेईल, मग दुकानात माझ्याशेजारी कोण उभं राहील? त्यांनी ताटातली फोड उचलली आणि तोंड वेडंवाकडं करत खाल्ली. त्या दिवसापासून मी गिऱ्हाइकांचे खिसे रोज तपासतो. रिकामे असतात.

काल कोरी पांढरी चादर टेबलावर पसरली. बाबांनी घोट भरला. बायकोने माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठला. फुर्र झालं. आम्ही तिघं चादरीवर वाकलो आणि बराच वेळ वाकूनच राहिलो. चादर पांढरी होती. मनगटावर नवी कातडी धरली आहे. एक दात मात्र अजून हलतो, त्याचा फैसला शनिवारी.

भावोजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा धाकटा,
उकळ्या

ता. क. तुझी फवाऱ्याची बाटली अखेर कामी आली. बाबा तिच्यात लिंबूपाणी भरून येता-जाता माझ्या तोंडावर मारतात.

ता. क. २. पाकीट चिकटवता चिकटवता माझ्याच शर्टाच्या कॉलरवर एक लाल ठिपका दिसला. मी बायकोला हाक मारली. बायकोने जवळ येऊन निरखून पाहिलं, तर त्यात एक बी होती. बाबांनी टोपलीतला टोमॅटो चोरून, माझ्या पाठीमागे उभं राहून खाल्ला होता. ताई, कुणी आग्रह न करता, आपणहून चोरून.

ता. क. ३. आता मुद्द्याचं. रविवारी ये, पण बाबांना न्यायला नको. पेरू घेऊन ये.