हिंटरलोएच्या शिवेवर

१२ ऑक्टोबर
आलो एकदाचा! हिंटरलोए म्हणजे दोन टेकड्यांच्या ओंजळीत मावणारं गाव: एक ओढा, एक चर्च, पाटीच्या दगडाची छपरं आणि माणसांपेक्षा गाई जास्त. जन्मभर शहरात पोरांना नकाशे शिकवले. आता बायकोही राहिली नाही, तेव्हा म्हटलं, निदान एका गावाचं तरी होऊन राहावं. घर अगदी शेवटचं, शिवेला लागून. शेजारच्या रोझविताबाई रीतीप्रमाणे पाव-मीठ घेऊन आल्या आणि माझे पडदे किती मळलेत हेही सांगून गेल्या. मला फार बरं वाटलं.

१९ ऑक्टोबर
आज शिवफेरी झाली. तीन-चारशे वर्षांपूर्वीच्या लढाईत स्वीडिश फौजेनं गाव जाळलं, तेव्हा शेजाऱ्यांनी इथल्या जमिनी लाटल्या. पुढे नव्यानं मोजून दगड रोवले. तेव्हापासून दर शरदात सगळं गाव शिवेवरून फिरतं आणि नव्या माणसाला उचलून प्रत्येक दगडावर आपटतं, हद्द जन्मभर लक्षात राहावी म्हणून. माझं बूड चांगलंच शेकून निघालं. शिवेचा राखणदार एगॉन म्हणाला, "झालात बघा आमचे, मास्तर." डोळ्यांत पाणी आलं माझ्या.

परतताना त्यानं एक बजावलं. दगड सरकवून जमीन चोरणाऱ्याला मेल्यावरही सुटका नाही. तो दगड घेऊन धुक्यात हिंडतो, कुठे ठेवू म्हणून विचारतो. त्याला 'उचललास तिथे' एवढंच सांगायचं; नुसती हाक मारली तर उत्तरच द्यायचं नाही. इथली पोरं हे पाढ्यांच्या आधी शिकतात म्हणे.

३ नोव्हेंबर
धुकं उठतच नाही. दारं लागलेली, खानावळ बंद. रोझविताबाई खिडकीतून हात हलवतात, तेवढाच काय तो शेजार. आठवडाभर तोंडातून शब्द निघालेला नाही. चहाच्या किटलीशी बोलायला लागलो आहे.

दुपारी कुंपणाबाहेर कोणीतरी धापा टाकत होतं. आवाज म्हाताऱ्याचा. मी दार उघडलं नाही.

८ नोव्हेंबर
आजही आला. "कुठे ठेवू हो हा?" इतका थकलेला आवाज, आणि इतक्या दिवसांत मला कोणी काही विचारलेलंच नव्हतं. एगॉनचं सांगणं आठवत होतं. पण दमल्या माणसाला हाकलायचं कसं? म्हणालो, "ठेवा इथेच दारात. आत या, कॉफी घ्या."

दगड टेकल्याचा आवाज आला. दार उघडलं तर कोणी नव्हतं.

९ नोव्हेंबर
दगड माझ्या दारात, गावाच्या बाजूला. म्हणजे शीव आता माझ्या घराच्या अलीकडून जाते, आणि मी गावाबाहेर. रोझविताबाईंना हाक मारली. त्यांनी वर पाहिलंही नाही.

दगडापलीकडे पाऊल पडत नाही. चालत राहतो, आणि पुन्हा माझंच दार.

११ नोव्हेंबर
दगड हलवून पाहिला. हलत नाही— नखं उलली.

समोर रोझविताबाईंच्या स्वयंपाकघरात कोणी बसलंय. माझा कोट, माझी टोपी. हात दगड वाहून सोललेले. त्या त्याला पाव कापून देताहेत. एगॉनही आला— त्याला मास्तर म्हणतोय—

१२ नोव्हेंबर
ओरडलो. जीव तोडून. रोझविताबाईंनी ऐकलं! खिडकीशी आल्या, छातीवर क्रुसाची खूण केली— आणि मागे वळून त्याला मायेनं म्हणाल्या, "उत्तर देऊ नका हं, मास्तर. तुम्ही नवे आहात."

तो माझ्याकडे बघत म्हणाला, "नाही देणार."

पडदा ओढला. बाई, अहो, मी आहे इथे, मी— माझं नाव—