शनिवारी परत गेलेले तेल

दिनांक : १८ ऑगस्ट २०२५

प्रति,
मा. मुख्य भांडार अधिकारी,
तापी-पांझरा यंत्रदुरुस्ती मंडळ,
मध्यवर्ती भांडार, जळगाव.

विषय : पिंपळनेर कार्यशाळेतील जुन्या लेथसाठी योग्य वंगणतेल मिळणेबाबत, व त्या अनुषंगाने एक विनंती.

संदर्भ : १) आपले 'एक कार्यशाळा, एक तेल' हे परिपत्रक.
२) माझे यापूर्वीचे सर्व अर्ज. (त्यांचे जावक क्रमांक आता मलाही पाठ राहिलेले नाहीत.)

महोदय,

सविनय सादर करते की, मी पिंपळनेर कार्यशाळेची प्रभारी अधीक्षक आहे. या कार्यशाळेत नाव घेण्यासारखे यंत्र एकच, ते म्हणजे माझ्याहून वयाने मोठा असलेला लांब बेडचा लेथ. पश्चिम पट्ट्यातल्या विहिरींवरच्या पंपांचे शाफ्ट आणि रसवंतीचे रोलर याच्यावरच सरळ होतात. उद्या हा बंद पडला तर कार्यशाळा म्हणून आमच्याकडे एक पत्र्याची शेड आणि पाण्याचा माठ एवढेच उरेल. या लेथचा मुख्य दांडा गनमेटलच्या बुशमध्ये, म्हणजे तांबे-कथलाच्या पिवळसर धातूच्या गोल अस्तरात, फिरतो. त्याला पातळ तेल लागते, ६८ क्रमांकाचे. बेडला, म्हणजे खालच्या लांब बैठकीला, त्याहून चिकट तेल लागते, कारण तिथे ते टिकून राहावे लागते. ही काही माझी हौस नव्हे, यंत्राचा घाटच तसा आहे.

उपरोक्त परिपत्रकानुसार मात्र सर्व यंत्रांना एकच तेल ठरले आणि आम्हाला १४० क्रमांकाचे, ट्रॅक्टरच्या गिअरबॉक्सचे घट्ट तेल पिंपभर मिळाले. त्यात गंधक असते. गिअरचे पोलादी दाते त्याने सुखी राहतात, पण गनमेटल तापले की तेच गंधक त्याला खाऊ लागते. हे मी लिहून कळवले. आपण तेलाचा नमुना मागवला, मी पाठवला. अहवाल आला की तेल उत्तम प्रतीचे आहे. अहो, आहेच ते उत्तम! रॉकेलही शुद्ध असते, म्हणून कोणी त्यात भजी तळत नाही. हे मी पुढच्या अर्जात याच शब्दांत लिहिले होते, त्यावर भाषेबाबत समज देण्यात आली. समज मिळाली, तेल मिळाले नाही. त्यानंतरच्या पत्रात आपल्या कार्यालयाने कळवले की, यंत्र जुने असल्याने त्यास नवीन तेलाची सवय होण्यास पुरेसा अवधी द्यावा. ते पत्र मी वाचून शांतपणे फाइलला लावले. दुसरे काय करणार?

पुढे तपासणी समिती येणार म्हणून रंगरंगोटीचा आदेश आला. रंगारी मनापासून काम करणारा निघाला. त्याने लेथ हिरवागार केला, तेलाची भोके बुजवली आणि ज्या काचेतून तेलाची पातळी दिसते ती काचही रंगवून टाकली. समितीला पातळी दिसली नाही. शेरा असा मिळाला : 'तेल पातळी दिसून येत नाही, सबब तेल कमी असल्याचे गृहीत धरून उपलब्ध तेल तत्काळ भरावे.' ब्लेडने काच खरवडा, असे कोणी लिहिले नाही. त्या आठवड्यात मी आईच्या डोळ्यांच्या तपासणीसाठी रजा घेऊन धुळ्यास होते. माझ्या अनुपस्थितीत भांडारपाल श्री. रुपचंद सोनवणे यांनी आदेशाचे पालन केले आणि १४० भरले. माणूस सरळ आहे. वरून आलेला कागद म्हणजे त्यांना काळ्या दगडावरची रेघ. त्यांचे म्हणणे, 'ताई, तेल ते तेल शे, बठ्ठं सारखंच.'

मी परतले तेव्हा लेथ चालू होता आणि त्याच्या डोक्याला, म्हणजे दांडा फिरतो त्या पेटीला, हात लावला तर चटका बसत होता. आमचे टर्नर श्री. प्रेमराज पवार, ज्यांना सगळे नाना म्हणतात, ते बाजूला उभे होते. एवढेच म्हणाले, 'हाऊ लेथ रडी ऱ्हायना, ताई.' उघडून पाहिले. बुश काळे पडले होते आणि काढलेल्या तेलात सोन्यासारखा चुरा चमकत होता. आम्ही सगळे तेल काढले, आतून धुतले आणि शिल्लक असलेले शेवटचे बुश बसवले. हे गेले की दुसरे नाही. दांडाच खराब झाला तर आपल्याच नियमाने यंत्र निर्लेखित होईल आणि भंगारवाल्याच्या टेम्पोत चढेल.

यानंतर, हे मला कृतज्ञतापूर्वक नमूद केलेच पाहिजे, आपण ६८ क्रमांकाचे तेल खरोखर मंजूर केले. डबे निघाले. डबे आलेही. पण आले शनिवारी. आपण जळगावचे, आपणास सांगायला नको. शनिवारी तेल आणि लोखंड घरात घ्यायचे नाही, शनी मागोमाग येतो, असे आपल्याकडे कितीतरी घरांत मानतात. माझ्या घरी मानत नाहीत. पण मी त्या दिवशी वीज कार्यालयात खेटे घालत होते आणि गेटवर रुपचंदभाऊ होते. 'शनवारले कोनी तेल लेस का?' असे म्हणून त्यांनी चालकाला चहा पाजला आणि सोमवारी ये म्हणून वाटेला लावले. चालक सोमवारी कशाला येतो! त्याने डबे जळगावला परत नेले आणि आपल्या नोंदीत चढले : 'कार्यशाळेने तेल नाकारले. मागणी निकाली.' विषारी पिंप मात्र बुधवारी आले होते. त्याला कोणताच वार आडवा आला नाही.

या नोंदीविरुद्ध मी तीन वेळा लिहिले. उत्तर एकच, की नाकारलेला माल त्याच वर्षात पुन्हा मागता येत नाही. सबब सध्या मी धुळ्याच्या बाजारातून आणलेल्या तेलावर लेथ जेमतेम चालवते आणि १४० च्या पिंपाला कुलूप लावून किल्ली माझ्या पर्समध्ये ठेवते.

आता मूळ विनंती. परवा माझा बदली आदेश आला. धुळे. ज्या बदलीसाठी मी वर्षानुवर्षे अर्ज केले, वशिला लावला नाही पण देव सोडून सगळ्यांना भेटले, ती अखेर मिळाली. धुळ्यातच देवपूरला माझी आई एकटी असते, तिला आता फारसे दिसत नाही, भाजी चिरताना बोटे कापून घेते. आदेशात म्हटले आहे की कार्यभार श्री. रुपचंद सोनवणे यांच्याकडे सोपवावा. कार्यभारात किल्ल्या येतात. आणि समितीचा 'उपलब्ध तेल तत्काळ भरावे' हा शेरा अजून कायम आहे, कोणी रद्द केलेला नाही. लेथचे तेल उतरेल, रुपचंदभाऊ शेरा वाचतील आणि पिंप उघडतील. मी त्यांना हात जोडून सांगितले. ते म्हणाले, 'ताई, तुम्ही लिखी द्या, पन साहेबना कागद मोठा शे.' त्यात त्यांची काय चूक?

तरी तो शेरा लेखी रद्द करून ६८ क्रमांकाचे तेल पाठवावे, शनिवार सोडून कोणत्याही वारी. ते शक्य नसल्यास माझी बदली रद्द करावी. होय, मीच मागते आहे. मला हे मागायचे नाही. मी फार थकले आहे आणि मला आईकडे जायचे आहे. पण मी गेल्यावर तो लेथ महिनाभरही टिकणार नाही, हे ठाऊक असताना किल्ल्या हातात देऊन बसमध्ये बसणे माझ्याने होत नाही.

आईने माझी खोली झाडून घेतली आहे आणि गल्लीत पेढे वाटले आहेत. तिला मी अजून काही कळवलेले नाही. आपले उत्तर आले की कळवीन.

थकलेली, तरीही आपली आज्ञाधारक,

(सही)
श्रीमती संघमित्रा यादव बैसाणे
प्रभारी अधीक्षक, पिंपळनेर कार्यशाळा, ता. साक्री, जि. धुळे

सोबत :
१) काळे पडलेले बुश, कापडात बांधून.
२) काढलेल्या तेलाची बाटली. (कृपया उन्हात धरून पाहावी.)
३) बदली आदेश, मूळ प्रत, सही न करता परत.