बांधावरचा नारळ

बाबा,

तुमच्याशी भांडायचं राहून गेलं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी भाकरी थापताना मध्येच तुमचा आवाज येतो, आणि मी मनातल्या मनात उत्तर देते. धामणगाव बढ्याच्या आपल्या स्वयंपाकघरात मला तेच तर शिकवलंत. आपण महानुभाव. परमेश्वर एक, बाकी साऱ्या देवता. त्यांचा प्रसाद खायचा नाही, त्यांना नवस बोलायचा नाही. शाळेत शनिवारी मारुतीचं खोबरं वाटायचे आणि मी हात मागे घ्यायची, म्हणून मुली चिडवायच्या. मी रडत घरी आले, तर तुम्ही मला चुलीपाशी बसवलंत आणि म्हणालात, "आपला देव सांगता आला पायजे बाई. बाप म्हनते म्हनून खात नाई, असं कोनाले सांगू नको. कारन सांग." आई म्हणाली, "पोरीले भाकर तं खाऊ द्या आधी." पण तुम्हाला तेव्हा भाकरीचं भान नव्हतं. नवस फळतो तो चारचौघांत गाजतो, फसलेला कोणी सांगत नाही, म्हणून फळलेल्यांची गिनती खोटी. हे मला त्या संध्याकाळी कळलं, आणि सोमवारी मी वर्गात ते बोलून दाखवलं. केवढी ऐट आली होती मला.

तुम्ही वादाचे शौकीन. मलकापूरला कापसाची गाडी घेऊन जायचात आणि जिनिंगच्या दारात रांग सरकेपर्यंत कोणाला तरी धरून बसायचात. तिथले मुसलमान व्यापारी हसून म्हणायचे, "काका, तुमच्याशी बहस नको, भाव बोला." बीटीचं बियाणं आलं तेव्हा सगळ्यांनी पाकीट घेतलं आणि पेरलं. तुम्ही मात्र दुकानदाराला अळी का मरते ते विचारत बसलात. पाकिटात साध्या बियाण्याची लहान पुडी यायची, ती कडेनं लावायची असायची. लोक ती फेकून द्यायचे, तुम्ही लावायचात. "अळीले तिचा वाटा ठेवला तं ते बाकीच्याले पचवाले शिकत नाई," असं समजावून सांगायचात. कारण पटलं की तुम्ही शेवटपर्यंत धरून ठेवणारे. मला तुमचं हेच आवडायचं, आणि सासरी जाताना मी दागिन्यांपेक्षा हेच मिरवत नेलं.

डोणगावला माझ्या सासूबाईंनी पहिली काही वर्षं माझं सारं चालवून घेतलं. मग माझं लेकरू आजारी पडलं. ताप डोक्यात गेला. मेहकरच्या डॉक्टरांनी मोठ्या दवाखान्यात न्यायला सांगितलं, आम्ही नेलं, आणि तिथून घरी न्या म्हणाले. सासूबाई देवीचा अंगारा आणायला निघाल्या. "नारळ बोलू. करून पाहाले काय जाते?" म्हणाल्या. नवरा भिंतीला टेकून बसला होता, तो माझ्याकडे बघून म्हणाला, "तू सांग." तेवढ्यात तुम्ही आलात, एसटीतून उतरून तसेच. ओट्यावर बसून तुम्ही सासूबाईंना म्हणालात, "विहीनबाई, नारळ घेऊन लेकरू देते तो देव नसते, दुकानदार असते. करून पाहाले काय जाते म्हनता? आपन कोनाचे, हेच जाते." तुम्ही जिंकलात. त्या तरीही अंगारा घेऊन आल्या, तेव्हा मी दारात आडवी उभी राहिले आणि तो आत येऊ दिला नाही. पुढच्या आठवड्यात लेकरू गेलं. तुम्ही म्हणालात, "जीव आपलं कर्म घेऊन येते." तुमच्यासमोर मी रडले नाही. रडले असते तर तुमचं शास्त्र कच्चं पडलं असतं, असं मला वाटत होतं. गल्लीतल्या बाया म्हणाल्या, बापाच्या ज्ञानानं पोर खाल्लं. सासूबाई कधीच तसं म्हणाल्या नाहीत, आणि ते जास्त लागायचं.

मग काही वर्षांनी कापसाच्या पराटीवर गुलाबी बोंडअळी आली. बोंड वरून हिरवंगार, फोडलं की आत किडकं. मी माहेरी आले होते, आईनं तुमचा चहा देऊन मला शेतात धाडलं. आपल्या बांधावरच्या ज्या दगडाला गावातले म्हसोबा म्हणायचे आणि ज्यावर तुम्ही आयुष्यभर विळ्याला धार लावलीत, त्याच्यापुढे तुम्ही उकिडवे बसलेले. टोपी काढून बाजूला ठेवलेली, बोटं शेंदरानं लाल, आणि नारळाचं पाणी मातीत मुरत होतं.

"बाबा, हे काय?"

तुम्ही बोटं धोतराला पुसलीत. "फवारे सारे झाले. आता हे करून पाह्यलं."

"अन् कारन?"

"पराटीचं हाय बाई, त्यात कसला धरम?" मग टोपी उचलून म्हणालात, "तुह्या मायले सांगू नको."

मी चहा ओतून दिला. तुम्ही बशीत घेऊन प्यायलात.

बाबा, नारळानं माझं लेकरू वाचलं नसतं, हे मला पटतं. तुमच्याच तर्कानं पटतं, हीच तर माझी अडचण. म्हातारपणी माणूस डगमगतो, तेही मी समजून घेतलं असतं. पण तुम्ही पराटीसाठी डगमगलात, नातवासाठी नाही. त्याच्यासाठी तुमच्याजवळ फक्त मुद्दे होते. तुम्ही मला फसवलंत, बाबा. पुढच्याच वर्षी तुम्ही गेलात, आणि दंडवत प्रणाम करायला आलेला जो तो म्हणत होता, माणूस पक्का, देवतेपुढं कधी वाकला नाही. मी मान डोलावत होते.

हे लिहिलेलं मी कुठं ठेवणारही नाही. सासूबाईंना वाचता येत नाही, पण घरात वाचणारे आहेत. सासूबाई आता अंथरुणाला आहेत, त्यांना मीच भरवते. परवा घास तोंडात धरून त्या मध्येच म्हणाल्या, "तुहा बाप खरंच कधी कोनापुढं वाकला नाई काय वं?"

मी म्हणाले, "नाई." वर फळलेल्या नवसांची गिनती खोटी कशी, तेही समजावून सांगितलं. त्या ऐकत राहिल्या.

तुमची लाज राखायला नाही बोलले, बाबा. तुम्ही वाकला होतात हे त्यांना कळलं, तर त्या दिवशी मी दारात कशासाठी आडवी उभी होते, हे मला त्यांना सांगता येणार नाही.