अकोल्याच्या जाईबाईकडे जातो

धर्मपालचे बाबा, जयभीम.

तुमी धारणीहून याल तवा मी घरी नसीन. धर्मपालनं विलायतेतून धाडलेले पैसे मिळाले, पेटीत हायेत. बँकेनं ते माह्याच नावाच्या अकोल्याच्या बाईच्या खात्यात टाकले होते. तुमी तिच्यावर कोर्टात जातो म्हणत होते, म्हणून काल मीच जठारपेठेत तिच्या घरी गेली.

बाई म्हातारी हाये, एकटी राह्यते. तिचा चंद्रभान जहाजावर कामाले गेला, तवापासून त्याची चिठ्ठी नाई. खातं त्यानंच जाताना उघडून देलं होतं. पैसे त्याचेच समजून तिनं गल्लीत साखर वाटली. मी खरं सांगितलं, तशी ती माह्यासंगं बँकेत आली, अंगठा लावून सगळे पैसे काढून देले. मग मले म्हणे, "म्हंजे माहं पोरगं जिवंत हाये, हे बी चुकीनंच समजली का मी?"

म्हणून आज पुन्हा तिच्याकडे जातो, दोन दिवस राहीन. धर्मपालले लिहा, तिकडच्या बंदरावर चंद्रभानचा पत्ता काढ म्हणा. भाकरी टोपल्यात हाये. राग आला तर मी आल्यावर बोला, पण पत्र आजच टाका.

जाई