पाठीच्या पट्टीची जाडी

६ ऑगस्ट

आणखी एक परत आला. या महिन्यातला चौथा. एका माळ्याचा. कलम करताना पातं त्याच्याच बोटावर मिटलं — तीन टाके.

मालकीणबाई चाकू घेऊन माझ्या खोलीत आल्या आणि दार लावून घेतलं. त्या दार लावतात तेव्हा आवाज चढवत नाहीत. आराखडा तुझा, बसवणी तुझ्या मामांची, चूक दोघांपैकी कुठे आहे ते तूच शोध, म्हणाल्या. पंधरा दिवसांत लिहून हवंय. मिस्त्रींची असेल तर बसवणीचं टेबल दुसऱ्याकडे जाईल. चौतीस वर्षं मामा त्या टेबलावर आहेत. बाईंना ते ठाऊक आहे. मलाही.

चाकू दहा वेळा उघडून पाहिला. आमच्या घडीच्या चाकूला खटका नाही. पातं उघडं राहतं ते फक्त पाठीच्या पट्टीच्या जोरावर, आणि ती पट्टी हीच त्याची स्प्रिंग. चांगला चाकू उघडताना आधी हुज्जत घालतो, अर्ध्यावर थांबतो, मग टक् करून पातं स्वतःच जागेवर ओढून घेतो. मिटतानाही तेच. हा चाकू हुज्जत घालत नाही. पाहुण्यासारखा वागतो — म्हणाल ते हो.

७ ऑगस्ट

पोलादाचा कठीणपणा बरोबर. भट्टीच्या नोंदी बरोबर. पिना घट्ट. उरली पट्टी.

आराखड्यात मानेपाशी जाडी अडीच मिलिमीटर आहे. परत आलेल्या चारही चाकूंची: २.२, २.१९, २.२१, २.२. कानशीचे ओरखडे स्पष्ट. जाडी बारा टक्क्यांनी उतरली की जोर जवळजवळ एक तृतीयांश जातो. मामांना सूत्र येत नसेल, पण हे त्यांच्या बोटांना माझ्या जन्माआधीपासून माहीत आहे. मग ही चूक कशी?

८ ऑगस्ट

कारण शोधतेय. सापडतंय, ते आवडत नाहीये.

गेल्या वर्षापर्यंत आराखडाच नव्हता. सगळं मामांच्या अंदाजावर. मी कागद केला, मापं लिहिली, भिंतीवर लावला. मामांनी हात पुसले, कागद वरपासून खालपर्यंत वाचला आणि म्हणाले, "इंजिनीअरबाई, तुमच्या कागदाला अंगठा आहे का?" सगळं दुकान हसलं. मीही हसले, तोंडदेखलं. त्यांचा मान राहावा म्हणून शेवटी एक ओळ घातली: अंतिम बसवणी हातावर. म्हणजे अंगठा ‘हं’ म्हणेपर्यंत त्यांनी पट्टी घासावी.

ती ओळ आता मामांना सोयीची पडतेय. चाकू बिघडले की कागद खोटा ठरतो. कागद माझा.

११ ऑगस्ट

मामा पूर्वी खिडकीकडे तोंड करून बसायचे. आता दाराकडे पाठ करून बसतात. मी आत गेले की हातातला चाकू खाली ठेवतात. बसवलेली एक पट्टी मागितली, तर नंतर ये म्हणाले. ड्रॉवरला कुलूप. ते कधी नव्हतं.

घरी जेवताना मामांनी सहज विचारल्यासारखं विचारलं — त्या परत आलेल्या चाकूंचं काय झालं गं? तपासतेय, म्हटलं. मामींनी कामाच्या गोष्टी उंबऱ्याबाहेर ठेवा म्हणून दोघांनाही दटावलं. मामांनी ताबडतोब ऐकलं. इतके आज्ञाधारक कधीपासून?

त्यांच्याच घरात राहायचं, त्यांच्याच ताटाशेजारी बसायचं आणि त्यांच्यावर नजर ठेवायची. चोरासारखं कुणाला वाटायला हवं, हा प्रश्नच आहे.

१२ ऑगस्ट

आईचा फोन. माझा दादा कसा आहे, तिने मामांबद्दल विचारलं. ठीक, म्हटलं.

१४ ऑगस्ट

दुकानाची एक जुनी रीत: प्रत्येक महिन्याच्या मालातला पहिला चाकू तारखेची चिठ्ठी बांधून कपाटात ठेवायचा. वापरायचा नाही, विकायचा नाही. ते कपाट कुणी उघडत नाही. आज मामा जेवायला गेल्यावर मी उघडलं.

आराखडा लागल्यापासून जुलैपर्यंतचे अकरा चाकू काढले. पातं नखाने उघडायची जी खाच असते, तिच्यात ताणकाट्याचा हूक अडकवून प्रत्येकाची ओढ मोजली, मग पट्टीची जाडी. गेल्या सप्टेंबरचा: अडीच मिलिमीटर, ओढ दोन किलो चारशे ग्रॅम. ऑक्टोबर किंचित कमी. नोव्हेंबर आणखी किंचित. जुलैचा: २.१९, एक किलो सहाशे.

आलेख काढला. फूटपट्टीने आखावी तशी उतरती रेघ. निष्काळजी माणसाची रेघ उड्या मारते. ही शांतपणे उतरते — कुणाच्या लक्षात येऊ नये इतकी सावकाश. अकरा महिने! काय धीर आहे या माणसाला. रागाबरोबर कौतुक वाटलं, आणि त्याचा जास्त राग आला.

१५ ऑगस्ट

अहवाल लिहिला. एक पान आणि आलेख. सही केलेली नाही.

१८ ऑगस्ट

सहीआधी डोळ्यांनी पाहायचं ठरवलं. सप्टेंबरच्या चाकूची चिठ्ठी सोडली आणि तो आजच्या बारा चाकूंत मिसळून मामांच्या टेबलावर ठेवला. अगदी बरोबर असलेल्या चाकूला ते कानस लावतात का, एवढंच पाहायचं होतं. शेजारच्या मांडणीवर पिना मोजत उभी राहिले.

नख खाचेत, उघड, ऐक, मिट. पाच चाकू गेले. सहावा माझा. नख निसटलं. पुन्हा निसटलं. तिसऱ्यांदा पातं जागचं हललं नाही. मामांनी मागे पाहिलं, मी मान वर केली नाही. मग त्यांनी चाकू गुडघ्यांत धरला, डाव्या हाताने उघडला आणि कानस उचलली.

मी जवळ जाऊन विचारलं, काय झालं.

"कुण्या गाढवाने पट्टी जाड ठेवलीय. हा माझा नव्हे."

आतल्या पितळी पत्र्यावर ते एक ठिपका ठोकतात, ती त्यांची खूण. मी दाखवली. त्यांनी चाकू उजेडात धरला. फार वेळ.

"माझाच आहे," म्हणाले. "पण मला कडक लागतोय."

कपाटातला चुकून मिसळला असेल, मी म्हणाले. खोटं बोलायला वेळ लागला नाही. मी त्यांच्या उजव्या हाताकडे पाहत होते. अंगठ्याच्या मुळाशी जो मांसल उंचवटा असतो, तिथे खळगा आहे. रोज ताटात हात पाहते मी त्यांचा!

त्यांनी कुणाला फसवलेलं नाही. प्रत्येक चाकू अंगठ्याला बरोबर लागेपर्यंत घासला, चौतीस वर्षं घासतात तसाच. महिन्यागणिक अंगठ्यातला जोर गेला, तेवढीच पट्टी पातळ झाली. त्यांना प्रत्येक चाकू सारखाच लागत होता.

घरी मामींना एकटं गाठलं. बरणीची झाकणं आता मीच उघडते, म्हणाल्या. शर्टाची बटणंही मीच लावते. तुला सांगू नको म्हणून बजावलंय त्यांनी. दुकानातल्या ड्रॉवरात मालिशचं तेल कुलपात ठेवतात, तेही.

१९ ऑगस्ट

बाईंना भेटले. दोष माझ्या आराखड्यातला आहे म्हणून सांगितलं. जोराचं माप त्यात लिहिलेलंच नव्हतं, सगळा भार एका माणसाच्या हातावर टाकला होता. आता प्रत्येक चाकू काट्यावर मोजूनच बाहेर जाईल, आणि अडीचच्या आतले सगळे परत मागवायचे. यात एक शब्द खोटा नाही. बाईंनी मिस्त्रींबद्दल विचारलं. ते उद्या माझ्याबरोबर दवाखान्यात येताहेत, एवढंच म्हटलं.

२० ऑगस्ट

डॉक्टरांनी मामांना विचारलं, हातातला जोर कधीपासून कमी वाटतो. झाले असतील पंधरा दिवस, मामा म्हणाले. नक्की सांगा, डॉक्टर म्हणाले, हळूहळू गेला की एकदम, त्यावर पुढचे उपचार ठरतात. मामांनी उजवा हात टेबलाखाली घेतला.

मी पिशवीतून आलेख काढून टेबलावर ठेवला. अकरा महिने, महिन्याचं एक माप. डॉक्टर रेघेवरून बोट फिरवत राहिले. मामा कागदावरच्या तारखा वाचत होते.

"हे माझं मोजलंस तू?"

"हो."

परत येताना बसमध्ये माझ्या शेजारची जागा रिकामी होती. मामा डाव्या हाताने दांडा धरून उभे राहिले.