संशयित औषधाचं नाव

१२ मे, सोमवार
कॉलेजात स्टाफसाठी तपासणी शिबिर. आपण फार्माकॉलॉजीचे प्राध्यापक, उदाहरण घालून द्यावं म्हणून पहिला नंबर लावला. बीपी १६४/१०२. मशीन बिघडलेलं असणार. इंटर्न पोरीने तीनदा घेतलं, तिन्ही वेळा मशीन बिघडलेलंच. चिठ्ठी शर्टाच्या खिशात घातली.

बाबा अठ्ठावन्नव्या वर्षी गेले. मी छप्पन्नचा. भीती वगैरे नाही, फक्त दुपारपासून तळहाताला घाम आहे.

संध्याकाळी ७. ठराव. १) मीठ बंद. २) रोज सकाळी अंबाझरी तलावावर फिरणं. ३) गोळी. कोणती, ते दुसऱ्या डॉक्टरला विचारायची गरज नाही. सव्वीस वर्षं एनालाप्रिल शिकवून राहिलो. औषध कंपनीच्या एमआरने दिलेले नमुने कपाटात आहेतच. ४) बायकोला, गोपिकाला, सांगायचं नाही. घाबरेल बिचारी.

१३ मे
स. १०.४०. डिपार्टमेंटमध्ये पहिली गोळी. आमचा अटेंडंट दादाजी नेमका तेव्हाच चहा घेऊन आला. म्हणे, काय घेऊन राहिले सर. पिपरमिंट म्हटलं. गोळ्या ड्रॉवरमध्ये, खडूच्या डब्यामागे. खडू आता कोणी वापरत नाही, त्यामुळे जागा सुरक्षित.

मीठ उद्यापासून. आज तर्री पोहे होते. अंबाझरी ऊन कमी झाल्यावर.

१७ मे, शनिवार
औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारं केंद्र आमच्या कॉलेजात आहे. मी त्याचा प्रमुख. ओपीडीच्या जिन्याजवळ निळी पेटी लावली आहे. डॉक्टर, नर्स, पेशंट, कोणीही फॉर्म भरून टाकावा आणि मी दर शनिवारी पेटी उघडावी, असा नियम. नियम मीच केला. आज उघडली. चिप्सचं रिकामं पाकीट आणि बसचं एक तिकीट. जानेवारीपासून फॉर्म शून्य. आपलं नाव येईल म्हणून डॉक्टर लोक नोंदच करत नाहीत. भित्रे लेकाचे.

रिकामी पेटी उघडली की दिवस खराब जातो. ठराव: भरल्यावरच उघडायची. किल्ली जपून ठेवली.

५ जून
घशात किंचित खवखव. रविवारी वर्षाच्या तिखटासाठी कळमन्याच्या बाजारात मिरच्या आणायला गेलो होतो. तिथून कोण न खोकलता येतो. चार दिवसांत जाईल.

१९ जून
गेला नाही. कोरडा खोकला, घशात कोणी पीस फिरवावं तसा. मिरच्या नव्हे, कूलर. वाळ्याच्या ताट्या जुन्या झाल्यात. गोपिका म्हणाली, इतके काहून खोकलून राहिले, मले डोळा लागून नाही राहिला. म्हणून कूलर सोडून हॉलमध्ये झोपलो. तिथेही खोकला.

शिवाय महिनाभर भाजीला चव लागत नाही. खोकला आणि चव जाणं, दोन्ही एकत्र. लक्षण बरं नाही. मेडिसिनच्या पुस्तकातलं फुफ्फुसाचं प्रकरण काढलं. दोन पानं वाचून मिटलं. पाय थंडगार पडले होते, बाहेर चाळीस डिग्री.

३ जुलै
आमच्याकडे एमडी करणाऱ्या दीक्षा रामटेकेला आणि बाकीच्या पोरांना शिकवलं, पेशंटकडून औषधांची माहिती कशी काढायची. पेशंट लपवतो. रोजची गोळी त्याला औषध वाटतच नाही. एकदा विचारलं तर नाहीच म्हणणार, म्हणून तीनदा विचारा. दीक्षाने सगळं लिहून घेतलं. मुलगी हुशार आहे, पण मी खोकललो की टक लावून बघते. ही सवय चांगली नाही.

८ जुलै
दादाजी चहा ठेवून उभाच राहिला. म्हणे, सर, माह्या साडभावाले बी अस्साच खोकला होता, बीपीच्या गोयीनं. डॉक्टरनं गोयी बदलून देल्ली, अन् पंधरा-वीस दिवसांत बंद. मी समजावलं की एका साडभावावरून विज्ञान होत नसतं. आणि मला बीपी नाही. (हे खरंच आहे. गोळी चालू आहे तोवर कुठे आहे?) तर म्हणे, बरं, मंग एक फॉर्म द्या. साडभावासाठी असेल. मराठीतला दिला, भरून पेटीत टाक म्हटलं. पिच्छा सुटला.

२२ जुलै
शेवटी छातीवाल्या रजतकडे गेलो. माझाच जुना विद्यार्थी. एक्स-रे स्वच्छ आला. हे जास्त वाईट, कारण बारीक गाठ एक्स-रेत दिसत नाही. रजतने विचारलं, सर, काही औषध चालू? नाही म्हटलं. इंजेक्शन, पावडर, काहीही? नाही. दाराशी पोचलो तर तिसऱ्यांदा विचारलं. मी रागावलो. मोठ्या माणसाला किती वेळा विचारायचं ते कोणी शिकवलं नाही याला.

५ ऑगस्ट
दुसऱ्या वर्षाचा वर्ग. बीपीची औषधं. स्लाइड चौदा: एनालाप्रिल, नेहमीचा दुष्परिणाम कोरडा खोकला. ‘कोरडा’ म्हणालो आणि जो ठसका लागला तो दीड मिनिट. दीडशे पोरं आधी हसली, मग टाळ्या. त्यांना वाटलं सर करून दाखवून राहिले. विषय अंगात मुरला की असं शिकवता येतं.

दु. ४. जिन्यात क्षणभर शंका आली. पण हा खोकला शंभरात दहाएक जणांना होतो, आणि मी शंभरातल्या दहांत आयुष्यात कधी आलो नाही. माझा आतला आहे. मला माहीत आहे तो कशाचा आहे. लिहीत नाही.

७ ऑगस्ट
गोळ्या संपल्या. एमआर आईला घेऊन गावी. औषधाच्या दुकानात गेलो तर काउंटरवर माझेच तीन विद्यार्थी. मध-आल्याच्या गोळ्या घेऊन परत. असो, गोळीला काही दिवस विश्रांती.

२३ ऑगस्ट, शनिवार
गोपिकाच्या हट्टाने महाल भागात मारबतीची मिरवणूक बघायला. पिवळ्या मारबतीचा अवाढव्य पुतळा समोरून निघाला तसे लोक ओरडू लागले, रोगराई घेऊन जा, खोकला घेऊन जा गे मारबत. मीपण ओरडलो. खोकल्याचं दोनदा. आजूबाजूला विद्यार्थी नाहीत हे आधी पाहिलं. गोपिका माझ्याकडे बघत होती. मला खरंच खूप भीती वाटून राहिली आहे, आणि ती मारबतीसमोर ओरडल्यावर थोडी कमी झाली.

२९ ऑगस्ट
खोकला गेला. पूर्ण. काल रात्री सलग सात तास झोपलो. विज्ञानाला न समजणाऱ्या गोष्टी असतात, हे मी मोकळ्या मनाने मान्य करतो.

१ सप्टेंबर
एमआर आला, चार स्ट्रिप्स देऊन गेला. बीपी १७०. लगेच गोळी. ठराव: आता एक दिवसही खंड नाही.

११ सप्टेंबर
परत आला. तोच, तसाच. काही काळ दबून पुन्हा उसळणं म्हणजे काय, ते मी पुस्तकात वाचलं आहे. रजतला फोन केला. पुढच्या शुक्रवारी सीटी स्कॅन.

१३ सप्टेंबर
गोपिकाला इन्व्हर्टरमध्ये पाणी कधी घालायचं ते शिकवलं. गॅसचं पुस्तक कुठे आहे ते दाखवलं. छतावरच्या टाकीचा कॉक कोणत्या बाजूला फिरतो, तेही. ती म्हणाली, हे सगळं मीच करून राहिले वीस वर्षांपासून. मग म्हणाली, तुमचे हात काहून थरथरून राहिले. एसी फार आहे म्हटलं. आमच्याकडे एसी नाही. तिने वरणभात वाढला. बेचव लागला. खाल्ला सगळा.

१७ सप्टेंबर
औषधसुरक्षा सप्ताहाचं उद्घाटन. भाषण माझं, ‘न घाबरता नोंदवा’. बारा मिनिटांतली आठ खोकण्यात गेली. प्रश्नांच्या वेळी दीक्षाने माइक घेतला आणि विचारलं, सर, तुमचं स्वतःचं काही औषध चालू आहे का. सगळे हसले. नाही म्हटलं. तिने पुन्हा विचारलं. नाही. तिसऱ्यांदा तोंड उघडलं तेवढ्यात डीनसाहेबांनी चहा जाहीर केला. डीनसाहेब देवमाणूस.

१९ सप्टेंबर
सीटी नॉर्मल. रजत म्हणाला, फुफ्फुसं पंचविशीच्या पोरासारखी आहेत. पार्किंगमध्ये स्कूटरवर बसून रडलो. हेल्मेट घालून, म्हणजे कोणाला दिसू नये. मग आठवलं की खोकला आहेच. फुफ्फुसात नाही, तर मग कुठे आहे हे?

२० सप्टेंबर, शनिवार
केंद्राच्या पाहणीला बाहेरून दोघं आले, एक मॅडम आणि एक तरुण. सोबत डीन. मॅडम म्हणाल्या, पेटी उघडा. किल्ली इतकी जपून ठेवली होती की सापडली नाही. दादाजी पेचकस घेऊन आला. मी म्हणत होतो की आत काही नसणार, लोक उदासीन आहेत. आत एक फॉर्म होता.

मॅडमनी तो दीक्षाला वाचायला दिला. तिने मोठ्याने वाचला. पेशंट: आमचे सर, वय ५६. संशयित औषधाचं नाव: खडूच्या डब्यामागची पांढरी गोयी, नाव पाकिटावरून उतरून घेतलं, एनालाप्रिल. सर तिले पिपरमिंट म्हणते. कधी सुरू: १३ मे, चहासंग. त्रास: कोरडा खोकला, जूनच्या पहिल्या हप्त्यापासून. आता कसं आहे: चालूच. आणखी काही सांगायचं असल्यास: सर मानुस चांगला हाय. सांगून पाह्यलं, आयकून नाही राहिले. मले भेव वाटते. तारीख ८ जुलै.

डीनसाहेबांनी या वेळी चहा जाहीर केला नाही. मॅडमनी विचारलं, या नोंदीवर अडीच महिन्यांत काय कारवाई झाली. मी उत्तर देणार होतो, पण ठसका लागला. दादाजी पाणी आणायला पळाला. माझ्याकडे बघत पळाला, म्हणून दाराला धडकला.

२२ सप्टेंबर
रजतने गोळी बदलली. ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं.

घरी सगळं सांगितलं. गोपिका म्हणाली, मले मालूम होतं. शिबिराची चिठ्ठी मे महिन्यातच धुण्यात सापडली. तेव्हापासून भाजीत मीठ अर्धंच टाकून राहिले. तुम्ही कधी सांगता म्हणून वाट पाहत होते. मग पदराने डोळे पुसले. मीही पुसले.

१५ ऑक्टोबर
खोकला गेला. फॉर्मवर केंद्रप्रमुखाने निर्णय लिहायचा असतो: त्रास या औषधानेच झाला का? शक्य, बहुधा, की नक्की. दीक्षा म्हणाली, पेशंट तुम्हीच, तर निर्णय मी लिहिते, फक्त गोळी कधी थांबली, खोकला कधी गेला, पुन्हा कधी सुरू केली आणि पुन्हा कधी आला, त्या तारखा हव्यात. कुठे लिहून ठेवलंय का? नाही म्हटलं. तिने पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारल्यावर ही डायरी काढली. ७ ऑगस्ट, २९ ऑगस्ट, १ सप्टेंबर, ११ सप्टेंबर. तिने मारबतीचं पानही वाचलं. मग ‘नक्की’ लिहिलं.

आमच्या केंद्राचा या वर्षीचा हा पहिला फॉर्म. दादाजीला प्रमाणपत्र द्यायचं ठरलं आहे, माझ्या सहीने.

१६ ऑक्टोबर
स. १०.४०. नवी गोळी काल खडूच्या डब्यामागे ठेवली होती. आज ड्रॉवर उघडला तर डबाच नाही. गोळी टेबलावर, चहाच्या कपाजवळ, उघड्यावर. बाजूला पेन, आणि मराठीतला एक कोरा फॉर्म.